घरजावयाचा ताप

"गोचीड? ऐन थंडीत गोचीड?" गोठ्यातून आबांचा आवाज आला. "अरे, मशीनवर टाके घालून घालून डोळे फुटले काय तुझे? गोचीड उन्हाळ्यात निघते, उन्हाळ्यात! तिला काय तुझ्यासारखं घरजावई व्हायचंय, की आली अवेळी आणि बसली चिकटून?"

मोरीत भांडी घासणाऱ्या लाडीला हसू फुटलं. ती मोठ्यानंच हसली. गोठ्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

लाडी ही आबांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली. आबांनी तिला असं काही जपलं की सगळं गाव तिला लाडीच म्हणायला लागलं. तिला परक्या घरी धाडायचं आबांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी जावईच घरात आणला. बाजारच्या गावात कापडदुकानाच्या पायरीवर शिलाई मशीन टाकून बसणारा, पुढंमागं कुणी नसलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. अंगानं एवढा बारीक, की पहिल्याच आठवड्यात आबांनी त्याचा 'टाचणी' करून टाकला. मशीन माळ्यावर गेली आणि टाचणीच्या हातात शेणाची पाटी आली.

"आबा, हे बघा तरी," गोठ्यात टाचणी तळहात पुढं करून सांगत होता. "मोठ्या गाईच्या कानात होती. कासेजवळपण आहेत. बारकी बारकी, मोहरीएवढी."

"मस असेल."

"मस चालत नाही, आबा. ही चालतीये."

"मग तूपण चालायला लाग! वैरण टाकायची राहिलीये."

खरं म्हणजे यंदा थंडी आलीच नव्हती. पहाटे कुणाच्या तोंडातून वाफ निघाली नाही की कुणी शेकोटी पेटवली नाही. जाड पांघरुणं पेटीतच राहिली. एरवी या दिवसांत वाळून पिवळं पडणारं बांधावरचं गवत गुडघाभर हिरवंगार उभं होतं, आणि त्यातून चालून आलं की पिंढऱ्या खाजवून लाल व्हायच्या. भरदुपारी डास. संध्याकाळी दिवा लावायची खोटी, चिलटांचा गोळा त्याच्याभोवती. माती काही गार पडली नाही. तिच्या पोटात जे थंडीनं मरायचं, ते सगळं खाऊनपिऊन धष्टपुष्ट होऊन वर आलं होतं.

हे आबांना दिसत नव्हतं असं नाही. पण मागं शेजारच्या काकूच्या शेळ्यांच्या अंगावर गोचीड निघाली, तेव्हा आबा दूध डेअरीच्या ओट्यावर चारचौघांत बोलून बसले होते. "गोचीड घाणीत होते. ज्याचं घर घाण, त्याचा गोठा घाण." काकू तिथंच किटली घेऊन उभी होती. तिनं दूध घातलं, पदर सावरला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. लोक हसले होते. आता त्याच आबांनी गोचिडीचं औषध आणायचं, तर ते त्याच ओट्यावरून, त्याच लोकांच्या नाकासमोरून आणावं लागणार होतं.

म्हणून औषध नाही.

"हातानं वेच," आबांनी शेवटी फर्मान काढलं. "रोज वेच. डब्यात रॉकेल घे, त्यात टाक. आणि गावभर बोंबलू नकोस."

टाचणी वेचायला लागला. सकाळी वेचायचा, दुपारी वेचायचा. मोठी गाय म्हणजे आबांचा जीव की प्राण. दिवस भरत आलेले, पोट दोन्ही अंगांना फुगलेलं. कानाच्या पाळीत, शेपटीच्या मुळाशी, मागच्या मांड्यांच्या बेचक्यात तो बोटं घालायचा, आणि गाय निमूट उभी राहायची. आज अंग साफ केलं की उद्या तितक्याच. गोठ्याच्या दगडी भिंतीच्या भेगांतून, गव्हाणीच्या फळीखालून त्या निघतच होत्या.

पुढं आबांच्या मनानं घेतलं की गाय अवेळी व्यायली तर जवळ माणूस पाहिजे. त्यांनी टाचणीची खाट उचलून गोठ्यात, गव्हाणीला लावून टाकली.

"तिथंच नीज. गाईची राखणही होईल आणि घरात हवाही खेळेल."

टाचणीनं लाडीकडं बघितलं. ती काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं असावं. लाडी उशी झटकत होती. तिनं तीच उशी त्याच्या हातात दिली. "घ्या. आणि सकाळी आत येताना आंघोळ करून या. अंगाला शेणाचा वास येतो तुमच्या."

खोली तिला एकटीला मिळाली. तिला बरंच वाटलं.

काही दिवसांनी तो भांड्यांची पाटी घेऊन मोरीशी आला आणि तिथंच घुटमळत राहिला. मग हळूच सदऱ्याची बाही वर केली. दंडावर, काखेकडं लाल गांधी उठल्या होत्या.

"अगं, हे बघतेस का? फार आग होते. पाठीवर मला दिसत नाही, तिथं काही चिकटलंय का बघ ना."

"मी आत्ता हात धुतलेत," लाडी म्हणाली.

"बरं, नंतर बघ."

"गाईच्या अंगावरून तुमच्या अंगावर आल्या म्हणजे गाईचं कामच झालं म्हणायचं!" तिनं हे ओसरीवर बसलेल्या आबांना ऐकू जाईल असं म्हटलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "ही माझी लेक! घरजावई पोसल्याचा काहीतरी उपयोग झाला की!"

टाचणीही हसला. त्याला हसावंच लागायचं.

मग त्याला ताप भरला. पहिल्या दिवशी तो तापातच शेण काढत राहिला. दुसऱ्या दिवशी पाटी उचलताना गुडघ्यावर बसला आणि पुन्हा उठताना गव्हाणीला धरून उठला. आबा म्हणाले, "कामाचा ताप आलाय. कडक असतो तो, काम केल्याशिवाय उतरत नाही." लाडीनं एक तापाची गोळी आणि तांब्याभर पाणी खाटेखाली नेऊन ठेवलं. त्याच्या कपाळाला हात लावला नाही. गोठ्यात फार वेळ थांबलं की तिचीच मान खाजायला लागायची.

दोन-तीन दिवस असेच गेले. आणि एका सकाळी मोठ्या गाईनं वैरणीला तोंड लावलं नाही.

"माझे आई, काय झालं गं तुला?" म्हणत ते गाईच्या गळ्यात पडले. कान गरम, नाकपुड्या कोरड्या. गाईनं लघवी केली ती तांबडीलाल, दगडावर रक्त सांडल्यासारखी. आबा ओरडतच बाहेर धावले आणि हातात फोन घेऊन अंगणात गरगर फिरायला लागले.

जनावरांची डॉक्टरीण स्कूटरवरून आली. तरुण होती, पण हाताला जोर होता. गाईची पापणी उलटून बघितली, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कानाची पाळी दुमडली आणि तशीच धरून आबांना दाखवली. "हे काय आहे, आजोबा? गोचीडताप आहे हा. अंगातलं रक्त संपवलंय हिच्या. इतके दिवस औषध का मारलं नाही?"

"आजच दिसली बघा गोचीड," आबा म्हणाले. "काल नव्हती."

लाडी दारात उभी होती. तिनं आबांकडं बघितलं. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही.

डॉक्टरणीनं सुया टोचल्या. म्हणाली, "माझ्याजवळ होतं ते दिलं. रक्त चढवावं लागेल, ते मोठ्या दवाखान्यातच होतं. आत्ता निघालात तर कदाचित वाचेल. दिवस भरत आलेत, वासराचं काही सांगत नाही."

गावात टेम्पो एकच. आबांनी टेम्पोवाल्याला फोन लावला, तोही जेवणावरून उठून आला. हे सगळं चाललेलं असताना गव्हाणीच्या आडून कुणीतरी कण्हलं.

"तिकडं कोण आहे?" डॉक्टरणीनं विचारलं.

"जावई आहे. जरा कणकण आहे त्याला," आबा म्हणाले.

ती गव्हाणीला वळसा घालून गेली आणि तिथंच थबकली. मग तिनं टाचणीचा सदरा वर केला, काख बघितली, पाय बघितले. "ताई, इकडं या," ती लाडीला म्हणाली. आवाज बदलला होता.

लाडी गेली. टाचणीच्या पोटावर, मांड्यांवर, तळपायांवरसुद्धा लाल-जांभळे ठिपके उमटले होते. काखेत रुपयाएवढी काळी खपली. आणि कानामागं, केसांच्या मुळाशी, द्राक्षासारख्या टम्म फुगलेल्या गोचिडी, एकीला एक चिकटून. त्या मोहरीएवढ्या होत्या तेव्हा तो बघ म्हणाला होता.

"मी माणसांची डॉक्टर नाही," डॉक्टरीण म्हणाली, "पण डोळ्यांना दिसतंय ते सांगते. ह्यांना आज नेलं नाही, तर उद्या नेऊन उपयोग नाही. सरकारी गाडीला फोन करते मी."

तिनं केला. गाडी लांबच्या गावी गेली होती. संध्याकाळपर्यंत येते म्हणाले.

"मग संध्याकाळी जाईल की तो," आबा म्हणाले. "आधी गाय. दोन जिवांची आहे ती."

"आजोबा, माणूस मरेल."

"त्याला ताप आलाय, तो तोंडानं सांगतो तरी. मुकं जनावर कुणाला सांगणार?" आबांचे डोळे खरंच पाण्यानं भरले होते. "टेम्पो मी बोलावलाय. माझ्या गाईसाठी बोलावलाय."

टेम्पो अंगणात मागं मागं येत उभा राहिला. टेम्पोवाल्यानं फळी टाकली. आबा गाईला सोडायला गेले. लाडी खाटेशी तशीच उभी होती; हलावं की नाही, तिला कळत नव्हतं. सगळ्या जन्मात आबांच्या शब्दापुढं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकायची वेळही आली नव्हती, कारण आबांचा शब्द नेहमी तिच्याच बाजूनं असायचा.

ती वाकली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला.

टाचणीनं डोळे उघडले. ते तिच्यावर होते, पण त्यांत ओळख नव्हती. कुणी परकी बाई कापड घेऊन पायरीशी उभी आहे असं त्याला वाटत असावं. तो घाईनं उठायला लागला, जमलं नाही.

"माफ करा हं, ताई," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "उठतोच मी. जरा पडलो होतो. तेवढं आमच्या घरात सांगू नका, मी निजलोय म्हणून."

"का?" लाडीच्या तोंडून निघून गेलं.

"ती हसते," टाचणी म्हणाला.

लाडीनं हात मागं घेतला. डॉक्टरीण दुसरीकडं बघायला लागली.

मग लाडी गोठ्यातून बाहेर आली, फळीवरून चढून टेम्पोत जाऊन उभी राहिली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, खाट घ्यायची आहे. हात लाव."

"खाली उतर," आबा म्हणाले. गाईचं दावं त्यांच्या हातात होतं.

"माणूस जाणार आहे आधी."

"लाडे, खाली उतर. पाया पडतो तुझ्या. ही गेली तर मी जगायचा नाही."

"तो गेला तर?"

आबांना हा प्रश्नच कळला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. "त्याचं काय?" ते म्हणाले. "तुला दुसरा आणीन की."

टेम्पोवाला खाली बघत चाकाला पाय लावून उभा राहिला. आबांनी तेवढ्यात पुढं होऊन दावं टेम्पोच्या मागच्या कडीत अडकवलं आणि गाठीवर गाठ मारली. आता टेम्पो हलवायचा तर गाईला फरफटत न्यावं लागलं असतं.

लाडी खाली उतरली. आबांना वाटलं, लेक ऐकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. ती त्यांच्या बगलेतून निघाली, वैरणीशेजारी पडलेला विळा उचलून आणला आणि दावं कापायला लागली. आबांनी तिच्या मुस्काटात मारली. जन्मात पहिल्यांदा. तिचं डोकं कडीवर आपटलं. तिनं डोकं वर केलं नाही. दावं तुटेपर्यंत विळा चालवत राहिली.

दावं तुटलं. गाय दोन पावलं मागं सरकली, अंगणाच्या मध्यावर आली आणि पुढचे पाय दुमडून बसली.

खाट उचलायला टेम्पोवाला आला, डॉक्टरीण आली, आणि चौथा हात कमी पडायला लागला तेव्हा कुंपणापलीकडून काकू आली. कुणी हाक मारली नव्हती. तिनं आबांकडं बघितलंही नाही, खाटेचा पाय खांद्यावर घेतला. टेम्पो निघाला तेव्हा आबा गाईशेजारी जमिनीवर बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. धुळीतून त्यांचा आवाज येत होता, "मरू दे! वाटेत मरू दे त्याला!"

टाचणी मेला नाही. मोठ्या दवाखान्यात तो कितीतरी दिवस होता. आधी डॉक्टर लाडीशी बोलायचेच नाहीत, नुसते एकमेकांकडं बघायचे. बाकड्यावर बसून ती त्याच्या हातावरचे ठिपके फिकट होताना बघायची. आबांनी मारलेल्या आपल्या गालावरून तिचाच हात फिरायचा.

गाय त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत गेली. वासरू पोटातच राहिलं. टेम्पो माघारी पोचला, तोवर काही उरलं नव्हतं. आबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तुझा एक वाचला. माझी दोन गेली." आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोचिडीचं औषध आणलं, डेअरीच्या ओट्यावरूनच आणलं, आणि गोठ्यात, गाईच्या रिकाम्या जागी, भिंती ओल्या होईपर्यंत मारलं. औषधाच्या वासानं सगळी आळी खोकत होती.

टाचणीला घरी आणायच्या दिवशी डॉक्टरांनी लाडीला बाजूला घेतलं. "वेळ झाला होता. ताप डोक्यात गेला होता. जीव वाचला हे नशीब, पण कान गेलेत. डाव्या कानाशी तोंड नेऊन बोललात तर थोडंफार कळेल. बाकी नाही."

घरी येऊन तिनं हे आबांना सांगितलं. आबा तिच्याशी बोलत नव्हते, तेव्हा उत्तर आलं नाही. त्यांनी ते खरंही मानलं नाही. ढोंग आहे म्हणाले, भिंतीला उद्देशून. त्या दिवसापासून त्यांनी ओसरीवर बैठक मारली आणि टाचणी समोरून गेला की तोंड सोडायचे. गेलेल्या गाईवरून बोलायचे, पोटात राहिलेल्या वासरावरून बोलायचे, त्याचे मेलेले आईबाप उकरून काढायचे. चार घरं पलीकडं ऐकू जायचं. टाचणी मान डोलवून हसायचा आणि पुढं जायचा. त्या हसण्यानं आबा आणखी पेटायचे.

ऐकायला आता घरात लाडी एकटी होती. भांडी घासताना, झाडताना, खाट अंगणात काढताना तिच्या कानांत सगळं जायचं. पूर्वी आबांच्या ज्या बोलण्यावर ती हसायची, त्याच बोलण्याला आता तिच्या हातातलं भांडं निसटायचं. तरी ती घर सोडून गेली नाही. कुठं जाणार? टाचणीच्या अंगात पायरीपर्यंत चालायचंही बळ नव्हतं.

एकदा दुपारी ती त्याला जेवायला वाढत होती. ओसरीवरून आबांचं सुरू झालं. "गिळ! दोन जीव गिळलेस, आता मलापण गिळ. रक्त पिऊन फुगलाय नुसता. गोचीड मेली, ही मेली नाही!"

टाचणीला आबांचे हलणारे ओठ दारातून दिसले. त्यानं घास तसाच हातात धरला.

"काय म्हणतायत आबा?" त्यानं विचारलं.

लाडी त्याच्या डाव्या कानाशी वाकली.

"म्हणतायत," ती कानात म्हणाली, "नीट जेव. अजून अंग भरलं नाही तुझं."

टाचणी बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. "खरंच?" तो म्हणाला. "आबा म्हणाले?"

"हो."

"बघ, मी उगीच भ्यायचो त्यांना. मनानं वाईट नाहीत गं ते. गाय गेली, तरी मला कधी बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच विचारायला लागला, जेवता जेवता, पोरासारखा. आणि रोज लाडीला आबांच्या तोंडचं एक चांगलं वाक्य शोधून काढावं लागायचं. त्या माणसानं जन्मात जावयाला चांगलं काही बोललेलं नव्हतं, त्यामुळं आठवून सांगायची सोय नव्हती. सगळं मनानंच रचावं लागायचं. ओसरीवरून शिव्यांचा मारा चाललेला, आणि ती त्याच्या कानात सांगतेय, की उन्हात बसू नको म्हणतायत, की आज चेहऱ्यावर तेज आहे म्हणतायत.

टाचणी त्या शब्दांवर खरंच सुधारत गेला. आबांचे जोडे पुसून ठेवायला लागला. ते तोंड फिरवायचे, तर त्याला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला माया दाखवायची लाज वाटते.

आणि एका दुपारी, पोट भरल्यावर, त्याला आबांना स्वतःच काही सांगावंसं वाटलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळं तो आता ओरडून बोलायचा. तो ताटावरून तसाच दाराकडं वळला आणि तोंडभर हसून ओसरीकडं ओरडला,

"आबा! जेवलो हो मी! अगदी पोटभर जेवलो तुमच्या घरी!"

बाहेर आबांची काठी दाणकन दारावर आपटली. आणि मग असं काही सुरू झालं की काकूनं आपल्या घराचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

टाचणी लाडीकडं वळला. वाट बघत होता.

"काय म्हणाले?"

लाडीनं त्याच्या ताटात आणखी वाढलं, आणि त्याच्या कानाशी वाकली.